गोव्याहून ताडोबा: गाडी काढायची की विमान पकडायचं?

बंदुकीची शिकार या देशात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपवली. आता जंगलात जायचं ते कॅमेरा घेऊन. पण जुन्या शिकाऱ्यांना पडायचा तो प्रश्न कॅमेरेवाल्यांनाही चुकलेला नाही: एवढं सामान घेऊन एवढ्या लांब जायचं कसं?

गोव्यातल्या माणसाला जवळचं जंगल मुबलक आहे. म्हादई, भगवान महावीर, खोतिगाव घराशेजारीच. अनमोड घाट चढून गेलं की दांडेलीचं काळी व्याघ्र प्रकल्प. तिथे विमानाचा विचारही करू नये. काबिनी-बंदीपूर साधारण सहा-सातशे किलोमीटर, तेही गाडीनेच बरं. बंदीपुरातून जाणारा महामार्ग रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो, तेवढं लक्षात ठेवून निघा. उलट काझीरंगा किंवा कान्हा म्हटलं की गाडी विसरा. खरी ओढाताण होते ती मधल्या पल्ल्यात, आणि तिथे सगळ्यांचं आवडतं ठिकाण एकच: ताडोबा. पणजीहून हजार किलोमीटरच्या आसपास. एका दमात न जाण्याइतकं लांब आणि विमानानेही धड सरळ न पोचण्यासारखं. म्हणून हा लेख ताडोब्यापुरता. हिशेबाची पद्धत मात्र कुठल्याही जंगलाला लागू पडेल.

पहिली पायरी: तिकीट नाही, परमिट

बहुतेक जण आधी विमानाचे भाव बघतात, स्वस्त दिसलं की घेऊन टाकतात, आणि मग सफारी शोधायला बसतात. हे उलटं आहे. ताडोब्याचं सफारी परमिट तारखेचं, वेळेचं आणि गेटचं असतं. ज्यांच्या नावाने काढलं त्यांच्याच ओळखपत्रावर चालतं. मोहर्लीचं परमिट घेऊन कोलारा गेटवर गेलात तर कोणी आत सोडणार नाही. तेव्हा अधिकृत संकेतस्थळावर आधी सफाऱ्या घ्या, तारखा पक्क्या करा, मगच प्रवासाकडे वळा. मंगळवारी जंगल बंद असतं आणि कोअर, म्हणजे आतला मुख्य भाग, १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटकांना बंद असतो, हेही याच वेळी बघून घ्या. पावसाळ्यात बफरमध्ये, म्हणजे त्याभोवतीच्या पट्ट्यात, जाता येतं, पण त्याची गंमत वेगळी आणि अपेक्षाही वेगळ्या ठेवाव्या लागतात.

गेट ठरलं की प्रवासाचा शेवटचा टप्पा ठरतो. नागपूर विमानतळावरून कोलारा गेट साधारण शंभर किलोमीटर, मोहर्ली एकशेचाळीसच्या घरात. नागपुरात उतरून मोहर्लीला जायचं म्हणजे जेवणखाण धरून तीन-साडेतीन तास. गाडीने चंद्रपूरमार्गे येणाऱ्याला मात्र मोहर्लीच सोयीचं. म्हणजे विमानवाल्याचं गेट आणि गाडीवाल्याचं गेट बऱ्याचदा वेगळंच पडतं.

दुसरी पायरी: उलटं मोजा

पहिल्या सफारीची वेळ कागदावर लिहा आणि तिथून मागे या. सकाळची सफारी हंगामाप्रमाणे साडेपाच-सहाच्या सुमाराला सुरू होते. त्याआधी गेटवर ओळखपत्रं तपासणं, जिप्सी म्हणजे सफारीची उघडी गाडी, गाइड हे सोपस्कार. म्हणजे उठायचं चारला. आदल्या रात्री नऊला पाठ टेकली पाहिजे.

आता गाडीचं बघा. हजार किलोमीटर म्हणजे दोन दिवस. दोन ड्रायव्हर आळीपाळीने चालवतील आणि एका दिवसात उडवून टाकू, असं म्हणणारे खूप भेटतात. पोचतातही. पण पहाटे जिप्सीत बसल्यावर डोळे मिटतात, आणि वाघ रस्ता ओलांडतो तो नेमका त्याच वेळी. ज्या सफारीसाठी हा खटाटोप केला ती झोपेत घालवायची असेल तर घरीच झोपलेलं काय वाईट? जायला दोन, यायला दोन, असे चार दिवस गाडी खाते. विमान जाता-येता मिळून दोन दिवस खातं, तेही अर्धेमुर्धे. गोव्याहून नागपूरला थेट विमान वेळापत्रकाप्रमाणे कधी असतं, कधी नसतं; नसलं तर मुंबई, पुणे, हैदराबाद किंवा बंगळूरला बदलावं लागतं, आणि मग दिवस गेलाच समजा.

एक नियम मात्र दोघांनाही सारखा: पहिल्या सफारीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचायचं. ‘सकाळचं विमान, दुपारची सफारी’ असं वेळापत्रक करू नका. विमान तीन तास उशिरा आलं तर विमान कंपनी फार तर चहा-नाश्ता देईल. वनखातं परमिटची तारीख बदलून देणार नाही.

तिसरी पायरी: सामान काट्यावर चढवा

निर्णय इथे होतो, आणि लोक नेमकी हीच पायरी गाळतात. देशांतर्गत विमानात इकॉनॉमीला हातातली एकच बॅग, सात किलोची. खाली टाकायचं सामान बहुतेक कंपन्यांत पंधरा किलो. सात किलो ऐकायला बरे वाटतात. मोजून बघा. निकॉनची २००-५०० लेन्स दोन किलो तीनशे ग्रॅम, सोनीची २००-६०० दोन किलोच्या किंचित वर. ६००चा मोठा प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, घेतला तर एकटाच तीन किलोपुढे जातो. त्यावर दोन बॉडी, एक छोटी झूम, चार्जर, कार्डं, लॅपटॉप, आणि रिकामी असतानाच दीड-दोन किलो भरणारी ती जाडजूड पॅडिंगची बॅग. सात किलो कधी ओलांडले ते कळतही नाही.

घरात लगेज काटा नसेल तर माणसांच्या वजनकाट्यावर आधी स्वतः उभे राहा, मग बॅग घेऊन, आणि वजाबाकी करा. ही कसरत निघायच्या रात्री नको, आठवडाभर आधी करा. म्हणजे काय वगळायचं ते शांत डोक्याने ठरवता येईल.

विमानाने जाणाऱ्याने सामान कसं विभागायचं, ते थोडं बारकाईने सांगतो. मोठी लेन्स, दोन्ही बॉडी, मेमरी कार्डं आणि सगळ्या सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत. बॅटऱ्यांबाबत पर्यायच नाही: सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक खालच्या सामानात टाकायला बंदी आहे. मर्यादा शंभर वॉट-अवरची. मिलीअँपिअर-अवरच्या आकड्याला व्होल्टने गुणून हजाराने भागलं की वॉट-अवर निघतात. वीस हजार मिलीअँपिअर-अवरची पॉवर बँक ३.७ व्होल्टने चौऱ्याहत्तर वॉट-अवर होते, चालते. कॅमेऱ्याची बॅटरी पंधरा-सोळाची, मोठ्या व्यावसायिक बॉडीची छत्तीसच्या आसपास, त्यामुळे त्यांची चिंता नाही. प्रत्येक बॅटरीच्या टोकाला प्लास्टिकची टोपी नाहीतर चिकटपट्टी हवी. पॉवर बँकेवरचा आकडा पुसला असेल तर ती घरीच ठेवा, सुरक्षा तपासणीला वाद घालायची ती जागा नव्हे.

ट्रायपॉड, चार्जर, कपडे, पावसाळी कव्हर, पाना, स्क्रू-ड्रायव्हर, सुरी असलेलं बहुपयोगी हत्यार हे सगळं खाली. ट्रायपॉडबद्दल माझं मत सरळ आहे: नेऊच नका. जिप्सीत तो उघडायला जागा नसते आणि तीन माणसांचे पाय त्यात अडकतात. तिथे कामाची वस्तू म्हणजे बीनबॅग. ती रिकामी न्यायची, कापडाची घडी होते, वजन नगण्य. तिकडच्या दुकानातून पाच किलो तांदूळ घ्यायचे, भरायचे, चेन लावून वरून दोरीची गाठ मारायची, आणि जिप्सीच्या वरच्या आडव्या नळीवर खोगिरासारखी टाकायची. लेन्स त्यात रुतून बसते, गाडी चालू असली तरी हादरा कमी लागतो. पिशवी अगदी गच्च भरू नये, पाऊण भरावी. गच्च भरली तर दगड होते आणि लेन्स घसरते. परत निघताना तांदूळ रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात द्या.

गाडीवाल्याला हा सगळा ताप नाही. भरलेली बीनबॅग, दोन ट्रायपॉड, खुर्च्या, आइसबॉक्स, सगळं डिकीत. पण गाडीचा शत्रू निराळा आहे, तो म्हणजे ऊन. मे महिन्यात विदर्भात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. जेवायला ढाब्यावर थांबलात आणि कॅमेऱ्याची बॅग बंद गाडीत राहिली, तर तासाभरात आत हात लावणं कठीण होतं. बॅग नेहमी पायाशी, एसी पोचेल अशा जागी, आणि उतरताना सोबत. काच खाली करून धुळीच्या रस्त्याने जायची हौस असेल तर लेन्सवर सुती पंचा गुंडाळा. आपल्याकडच्या दमट हवेत बुरशीच्या भीतीने आपण सिलिका जेलची पुडी ठेवतोच, ती तिथेही राहू दे. परत आल्यावर तिचाच उपयोग आहे.

काय नेऊ नये

ड्रोन नको. व्याघ्र प्रकल्पात चालत नाही आणि विमानतळावर उगाच प्रश्न. परदेशातल्या नातेवाइकाने भेट दिलेलं उपग्रहावर चालणारं संदेशयंत्र, ज्याला गिर्यारोहक लोक फार मानतात, तेही नको. परवान्याशिवाय ते बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे, आणि २०२४च्या डिसेंबरात गोव्यातच परदेशी प्रवासी त्यापायी अडकले होते. लष्करी ठिपक्यांचे कपडेही घरी. दाभोळी हा नौदलाचा तळ आहे, तिथे तर मुळीच नको. खाकी, मातकट, शेवाळी रंग पुरेत.

आणि ही गोष्ट खास सत्तरी, सांगे, काणकोणच्या मंडळींसाठी. शेताच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक असलेली घरं तिकडे अजून आहेत. आजोबांची जुनी कॅनव्हासची शिकारी पिशवी कॅमेऱ्याला छान बसते, हे खरं. पण ती विमानात न्यायची तर प्रत्येक कप्पा उलटा करून झटका. एखादं विसरलेलं काडतूस एक्स-रेत दिसलं, तर ताडोबा राहील बाजूला आणि दिवस जाईल पोलीस ठाण्यात.

चौथी पायरी: पैसे, माणशी

खाली दिलेले आकडे नमुन्याचे आहेत, त्या जागी त्या दिवसाचे भाव घाला. गाडी येऊन-जाऊन २,१०० किलोमीटर, लिटरला चौदा धावते, म्हणजे दीडशे लिटर. १०५च्या भावाने १५,७५०. टोल ३,०००. वाटेत जाताना एक आणि येताना एक मुक्काम, खोलीला २,०००. टायर, ऑइल, झीज यासाठी किलोमीटरला दोन रुपये धरा, ४,२०० झाले. हा खर्च कोणी धरत नाही आणि मग सर्व्हिसिंगच्या बिलाला दचकतो. चौघे असले, दोन खोल्या घेतल्या, तर एकूण ३१,००० च्या आत, माणशी पावणेआठ हजार. दोघांत २७,०००, माणशी साडेतेरा. एकट्याला सगळे सत्तावीस.

विमानाचं येऊन-जाऊन तिकीट १३,००० आणि जादा सामानाचे २,००० धरले, नागपूरहून गेटपर्यंत जाण्या-येण्याची टॅक्सी १०,०००. एकट्याला २५,०००. दोघांत माणशी २०,०००. चौघांत माणशी साडेसतरा.

एकट्याने विमानच. चौघांनी गाडीच, कारण माणशी दहा हजार वाचतात, तेवढ्यात आणखी सफाऱ्या होतील. दोघांचं घोडं मात्र इथे अडतं: साडेसहा हजार वाचवायला दोन दिवस जादा रजा घ्यायची का? नोकरदार असाल तर नको. दुकान, बागायत, स्वतःचा धंदा असेल आणि घाई नसेल, तर पुढची पायरी वाचा. पाच जण आणि पाच मोठ्या बॅगा एका गाडीत कोंबायचा विचार डोक्यातून काढा. मागच्या सीटवर मधे बसलेला माणूस परतीच्या प्रवासात बोलेनासा होतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हा हिशेब पुन्हा करा, गोव्याचे विमानभाव तेव्हा कुठल्या कुठे गेलेले असतात.

पाचवी पायरी: वाटेत काय आहे?

गाडी ताडोब्यात आत जात नाही. कोअरमध्ये नोंदणीकृत जिप्सी आणि गाइड लागतोच, तुमची एसयूव्ही रिसॉर्टच्या झाडाखाली उभी राहते. तेव्हा गाडी नेण्याचं खरं कारण जंगलात सापडत नाही, ते वाटेवर असतं. वाटेत कुठेही थांबायचं नसेल, तर चार दिवस स्टिअरिंग धरून बसण्यात मला काही राम दिसत नाही. थांबायचं असेल तर मात्र ही वाट सोन्यासारखी आहे.

पणजीहून चोर्ला घाटाने बेळगाव, तिथून निपाणीवरून कोल्हापूर. पेडणे-बार्देसवाल्यांनी आंबोलीने चढावं. कोल्हापूरहून सांगली, सोलापूर हा १६६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. सोलापूरला पहिला मुक्काम. तिथून वीसेक किलोमीटरवर नान्नज, माळढोक अभयारण्य. माळढोक दिसेल या आशेवर जाऊ नका, पण गवताळ माळावर काळवीट असतात, नशीब असेल तर लांडगा. सकाळचे दोन तास तिथे घाला. कोकणपट्टीतल्या डोळ्यांना एवढं उघडं आभाळ आणि एवढं सपाट रान बघायची सवय नसते. फोटो काढायची पद्धतच बदलावी लागते, बसून, जमिनीलगत. वनखात्याच्या चौकीवर विचारल्याशिवाय माळावर गाडी घालू नका.

पुढे तुळजापूर. भवानीचं दर्शन घेऊन ३६१ क्रमांकाचा महामार्ग धरायचा: औसा, लातूर, नांदेड, उमरखेड, यवतमाळ. नान्नजला थांबलात तर त्या दिवशी नांदेडला मुक्काम करा. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ टिपेश्वर अभयारण्य आहे, छोटं, आणि तिथेही वाघ आहेत. त्याचंही परमिट आधी काढता येतं. मग वणीवरून चंद्रपूर. परतीच्या वाटेवर वरोऱ्याचं आनंदवन आहे, बाबा आमट्यांचं, तासभर काढाच. असा सात-आठ दिवसांचा फेरा जमत असेल तर दोघांसाठीसुद्धा गाडी. विमानाने गेलात तर यातलं काहीच दिसणार नाही.

गाडी ठरली तर

टायरची नक्षी, स्टेपनीची हवा, कूलंट, एसी आणि वायपर बघून घ्या. फास्टॅगमध्ये पैसे, पीयूसी आणि विमा चालू. टाकी गोव्यातच भरा, महाराष्ट्रापेक्षा स्वस्त पडतं. घाट उजेडात चढा: चोर्ल्यात पहाटे आणि रात्री गवे रस्त्यावर येतात, आणि अवजड गाड्यांची रांग लागली की ओव्हरटेकला जागा नसते. दुपारी एक ते चार उन्हाळ्यात गाडी चालवू नका, त्या वेळेत जेवा आणि पडा.

आता जरा अवघड विषय. जीए पाटीची गाडी सीमेवर दिसली की अबकारी खात्याचे लोक डिकी उघडायला सांगतात. बांद्याजवळच्या इन्सुलीचा नाका तर त्यासाठी प्रसिद्धच आहे. गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात नेणं गुन्हा आहे, गाडीही जप्त होते. ‘रिसॉर्टवर संध्याकाळी लागेल म्हणून दोनच बाटल्या’ हे कारण तिथे चालत नाही. डिकीत कॅमेऱ्याच्या बॅगा वर ठेवा, उघडून दाखवा, हसून पुढे जा.

विमान ठरलं तर

तिकिटावरचा विमानतळ दोनदा वाचा. गोव्यात आता दोन आहेत: दाभोळी आणि २०२३च्या जानेवारीपासून सुरू झालेलं मोपा. तिकिटावर जीओआय म्हणजे दाभोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. स्वस्तात मिळतं म्हणून जायचं एकीकडून आणि यायचं दुसरीकडे असं तिकीट सर्रास निघतं, आणि गाडी पार्क केलेली असते पहिल्या ठिकाणी. काणकोणच्या माणसाला मोपा म्हणजे अख्खा गोवा ओलांडून जाणं. पाचशे रुपयांची बचत टॅक्सीत धुऊन निघते.

जादा सामान लागणार असेल तर वेळेआधी ऑनलाइन घ्या, काउंटरवर ते महाग पडतं. सुरक्षा तपासणीला नेहमीपेक्षा पंधरा-वीस मिनिटं जास्त धरा. कॅमेरा, लेन्स, लॅपटॉप सगळं ट्रेमध्ये काढायला लावतात. बॅग अशी भरा की वरचा थर उचलला की सगळं एकदम निघेल. घाईने भरताना लेन्सचं मागचं झाकण ट्रेमध्ये राहतं, एक जादा सोबत ठेवा. गेटवर ‘बॅग खाली टाका’ म्हणाले तर कॅमेऱ्याच्या विम्याची आठवण होईल. आधीच काढून ठेवलेला बरा, कारण सामान हरवलं किंवा फुटलं तर विमान कंपनी देते ती भरपाई मोठ्या लेन्सच्या किमतीच्या जवळपासही जात नाही.

नागपूरची टॅक्सी रिसॉर्टकडूनच ठरवा. रात्री पोचत असाल तर नागपुरात झोपा आणि सकाळी निघा. परतीला संध्याकाळच्या सफारीनंतर त्याच रात्रीचं विमान ठेवू नका. सफारी अंधाराच्या तोंडावर संपते, पुढे गेटवरून तीन तास रस्ता आहे. सकाळची सफारी शेवटची ठेवा आणि दुपारी उशिराचं किंवा दुसऱ्या दिवशीचं विमान घ्या. फोटोंच्या दोन प्रती करा, एक लॅपटॉपवर बॅगेत, दुसरी खिशात. गोव्यात रात्री उतरणार असाल तर घरच्या कोणाला तरी आधीच सांगून ठेवा किंवा टॅक्सी ठरवून ठेवा. बाहेरच्या शहरांतली नेहमीची टॅक्सी ॲपं इथे चालत नाहीत, आणि मध्यरात्री काउंटरवर सांग्याचं नाव काढलं की जो भाव सांगतात तो ऐकून पाच किलो तांदूळ परत आणले असते तर बरं झालं असतं असं वाटतं.